दौंड जंक्शन आणि मालाची दुहेरी हाताळणी

माल जितक्या वेळा उचलावा लागतो, तितका खर्च वाढतो. मालाचे मोल मात्र वाढत नाही. कारखान्याच्या आखणीतील हे तत्त्व कारखान्याबाहेरही लागू पडते. दौंड जंक्शनचा इतिहास त्याची साक्ष देतो.

पुण्याहून दिक्सळकडे जाणारा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला, तर दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये. हे दोन्ही मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे 5 फूट 6 इंच रुंदीचे होते. 1914 मधील दौंड-बारामती मार्ग मात्र अवघ्या 2 फूट 6 इंच रुंदीचा झाला. हलके रूळ, लहान पूल व तीव्र वळणे यांमुळे अशा मार्गाच्या बांधणीचे भांडवल वाचते. तथापि नीरा डाव्या कालव्यावरील उसाच्या प्रदेशातून निघालेली गुळाची ढेप मुख्य मार्गाने पुढे जायची, तर दौंडला लहान वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढविणे अपरिहार्य होते. या श्रमाने ढेप बाजाराच्या जवळ तसूभरही जात नसे.

हा दोष त्या काळच्या अभियंत्यांना अज्ञात नव्हता. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमधील लीक व मॅनिफोल्ड मार्गावर, 1904 मध्ये, मोठी वाघीणच अरुंद मार्गावरील वाहकगाडीवर चढविण्याची योजना अमलात आणली. तेथे मालाला हात लावावा लागत नसे. दौंडची अदलाबदल बारामती मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर संपली.

रुळांची रुंदी एक असूनही हालचाल वाया जाऊ शकते, हेही दौंडलाच दिसून येते. पुणे-मनमाड गाड्यांचे इंजिन येथे एका टोकाकडून दुसऱ्या टोकास न्यावे लागे. दौंड कॉर्ड मार्गामुळे त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्यांचा हा खोळंबा टळला.

सारांश, बांधणीच्या वेळी वाचविलेला पैसा पुढे दररोजच्या हालचालीतून फेडावा लागतो, आणि त्याचा भार प्रथम हमालाच्या पाठीवर पडतो. परंतु हिशेबात निरर्थक ठरणारी तीच हालचाल हमालाची मजुरीही असते. माथाडी व हमाल कामगारांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये कायदा केला, तो या श्रमिकांच्या रोजगाराचे नियमन व कल्याण यांसाठीच. म्हणून हालचाल कमी करणाऱ्या आखणीने तीवर जगणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. एरवी ती आखणी अपुरीच होय.