थंड इंजिनाचा मूक आजार : मोटारीतील थर्मोस्टॅटचा इतिहास (थ्रेड)

१/
तापलेले इंजिन लपून राहत नाही. बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी पाहिल्या आहेत. परंतु इंजिन गरजेपेक्षा थंड राहणे हाही एक आजारच होय. त्यात वाफ नाही, खडखडाट नाही, गाडी वाटेत बंदही पडत नाही. फक्त पेट्रोल अधिक जाते. हा आजार नीट ओळखण्यास मोटारविद्येला जवळजवळ अर्धे शतक लागले.

२/
आधी मूळ पेच. पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ती न टाकल्यास वंगण जळते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. त्यामुळे सुरुवातीच्या अभियंत्यांची बुद्धी उष्णता घालवण्यातच खर्च झाली. रेडिएटर बेतला जाई तो भर उन्हाळ्यातील चढणीच्या हिशेबाने. तोच रेडिएटर हिवाळ्यात, सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीलाही तितक्याच जोमाने गार करीत असे.

३/
फोर्डची ‘मॉडेल टी’ हे याचे ठळक उदाहरण. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने बनलेली ही मोटार. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता. पुढे तोही काढून टाकण्यात आला. गरम पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर सारे काम चाले. प्रवाह अडवणारी झडप नव्हतीच. कडाक्याच्या थंडीत मालक रेडिएटरसमोर घोंगडी किंवा पुठ्ठा बांधीत. पुढे विकतची आच्छादने आणि उघडझाप करता येणाऱ्या झडपाही आल्या. निदान व्हायचे होते, पण उपचार सुरू झाला होता!

४/
थंड इंजिनात नेमके काय बिघडते? पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; त्याची वाफ व्हावी लागते. थंड नळीत आणि थंड सिलिंडरच्या भिंतींवर त्याचे पुन्हा थेंब होतात. हवेशी मिसळणारी वाफ कमी पडली, की इंजिन अडखळते. चालक चोक ओढतो, म्हणजे आणखी पेट्रोल ओततो. न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे वंगण धुऊन काढते आणि पिस्टनच्या कड्यांमधून खाली तेलात उतरते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागणी वाढली तसे पेट्रोल अधिक जड, सावकाश वाफ होणारे मिळू लागले आणि हा त्रास बळावला. गंमत अशी, की तेलात पेट्रोल मिसळल्याने तेलाची पातळी कमी होण्याऐवजी कायम राही, क्वचित वाढेही. आपले इंजिन तेल पीत नाही म्हणून मालक खूश, आणि आत बेअरिंगे झिजत चाललेली.

५/
निदानासाठी आधी मोजमाप हवे. ते आले १९१२ च्या सुमारास, ‘बॉइस मोटोमीटर’च्या रूपाने. रेडिएटरच्या टोपणावर बसवलेला हा तापमापक चालकाला काचेतून समोर दिसे. लवकरच तो प्रतिष्ठेचा दागिनाही झाला. मात्र तो विकला गेला तो उकळण्याच्या भीतीपोटी. लाल स्तंभ वर चढला की चालक घाबरे. तो खालीच राहिला, तर तेच आरोग्य समजले जाई. उपकरण हाती असूनही अर्धाच प्रश्न विचारला जात होता.

६/
दुसरा अर्धा प्रश्न यंत्रानेच सोडवावा, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर दिसते ती कॅडिलॅकच्या १९१४ साली आलेल्या व्ही-८ मोटारीत. तिच्या शीतन-व्यवस्थेत थर्मोस्टॅट होता : इंजिन गार असताना रेडिएटरची वाट अडवणारी आणि तापल्यावर उघडणारी झडप. तिच्या गाभ्याशी असलेला पातळ धातूचा चुणीदार डबा वेस्टन फुल्टन यांच्या शोधातून आला होता. फुल्टन हे अमेरिकेतील नॉक्सव्हिल येथे हवामान खात्यात काम करणारे. डब्यातील द्रवाची वाफ झाली की डबा हार्मोनियमच्या भात्यासारखा लांबतो आणि झडप उचलतो. हवामानाच्या उपकरणांसाठी झालेल्या खटपटीतून मोटारीचे पेट्रोल वाचावे, हा योगायोग तंत्रज्ञानाच्या इतिहासात तसा नवा नाही.

७/
तरीही थर्मोस्टॅट काही काळ दबूनच राहिला. कारण रसायनशास्त्रात आहे. पाणी गोठू नये म्हणून हिवाळ्यात त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल ६५ अंश सेल्सिअसला उकळते, इथेनॉल ७८ ला. इंजिन योग्य तितके तापू दिले, तर अल्कोहोल उडून जाणार! म्हणून झडप ७० अंशांच्या आसपासच उघडेल अशी ठेवावी लागे. म्हणजे जेथे ऊब सर्वांत गरजेची, तेथेच इंजिन मुद्दाम गार चालवले जात होते. १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंशांच्या घरात. तेव्हा कुठे ८० अंश आणि त्यापुढे जाण्याची मोकळीक मिळाली.

८/
मग आली सर्वांत अनपेक्षित साक्ष. सिलिंडर झिजतो तो घर्षणाने आणि धुळीने, असा सर्वसाधारण समज होता. १९३० च्या दशकात ब्रिटनच्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने केलेल्या प्रयोगांत दिसले, की भिंती थंड असताना झीज एकदम वाढते. ज्वलनातून पाण्याची वाफ आणि आम्ले निर्माण होतात. थंड भिंतीवर त्यांचे दव जमते आणि धातू अक्षरशः गंजतो. थंडपणा केवळ इंधन नव्हे, इंजिनाचे आयुष्यही खातो, हे आता प्रयोगाने सिद्ध झाले.

९/
त्याच दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाचा थर्मोस्टॅट घडवला. ठरावीक तापमानाला मेण वितळते, फुगते आणि दांडी ढकलते. महायुद्धानंतर शीतन-व्यवस्था दाबाखाली चालू लागल्या. भात्यासारखा डबा त्या दाबाने फसे. मेण फसत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत तेच तत्त्व आहे.

१०/
आपल्याकडे मात्र वेगळेच घडले. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात अनेक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देत. ‘आपल्या उन्हात याची काय गरज?’ असा युक्तिवाद. घाटात गाडी तापण्याची धास्ती खरी होती, त्यामुळे तो पटेही. त्यानंतर तापमानाचा काटा तळाशीच राही, चोक उशिरापर्यंत ओढलेला राही, आणि मायलेज कमी झाल्याचा दोष कार्ब्युरेटरला किंवा पेट्रोलमधील भेसळीला लागे. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने गरम पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरे आणि गाडी उलट अधिक तापे.

११/
इलेक्ट्रॉनिक इंधन-पुरवठा आला आणि चोक ओढणारा हात संगणकाचा झाला. संवेदक इंजिन थंड असल्याचे सांगतो, संगणक इमानाने जास्त पेट्रोल सोडतो. झडप उघडीच अडकली, तर ही उधळपट्टी संपतच नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर आणि धूरनियंत्रणाच्या कायद्यांनंतर ती परवडणारी नव्हती. अखेर अमेरिकेत गाडीनेच आपले दुखणे सांगावे असा नियम झाला. ‘पी ०१२८’ हा संकेत सांगतो, की पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचलेले नाही.

१२/
संकेत संशय दाखवतो; खात्री करण्याची रीत जुनीच आहे. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर, पंख्यापासून हात जपून, तळवा ठेवायचा. झडप ठीक असेल, तर नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकलेली आहे. तेवढ्यानेही शंका फिटली नाही, तर मिस्त्री थर्मोस्टॅट काढतो, पाण्याच्या पातेल्यात तापमापकासह दोरीने लटकवतो, पातेले स्टोव्हवर चढवतो आणि झडप किती अंशांवर उघडते ते पाहत बसतो.