डिस्पोजलची जीप

कोयनेच्या खोऱ्यात मोटारी आल्या त्या धरणाच्या पाठोपाठ. त्याआधी कराडहून पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणारा रस्ता होता. पण तो नदीकाठच्या गावांचा. वर डोंगराच्या कुशीत ज्या वस्त्या होत्या, त्यांना पायवाट आणि फार तर बैलगाडीची चाकोरी. आमचं गाव त्यातलंच. आजारी माणूस घोंगड्याच्या झोळीत घालून खाली आणायचा, आणि सडकेला लागला की देवाचे आभार मानायचे, असा रिवाज.

१९५०च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि इंजिनिअर, ओव्हरसिअर, ठेकेदार जीपमधून फिरू लागले. या गाडीचा जन्म लढाईतला. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला चारही चाकांना ओढ असलेली हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने करून दिला, पण मोठ्या संख्येने गाड्या बांधल्या त्या विलीज आणि फोर्ड यांनी. लढाई संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बाहेर काढल्या. त्यातल्या कितीतरी ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या होत्या. लढाई संपल्यावर लष्कराने नको असलेला माल विकायला काढला, त्याला लोक ‘डिस्पोजल’ म्हणत. पुढे स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या आणि सरकारी खात्यांत त्या सगळीकडे दिसू लागल्या. आमच्याकडे मात्र आली ती डिस्पोजलचीच.

माझे थोरले चुलते, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणे, त्यांनी १९६६ साली धरणावरच्या एका ठेकेदाराकडून ती घेतली. एक खिलारी जोडी विकली आणि वर थोडे रोख मोजले. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. “चालती बैलं दिली आन् बसकं लोखंड आणलं,” हे तिचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं.

जीप विलीजची का फोर्डची, हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. दोघांचे भाग एकमेकांना बसायचे, आणि वीस वर्षांत कितीतरी हातांनी ते बदललेले. फोर्डवाले आपल्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकत. आमच्या जीपला तसे निम्मे बोल्ट होते, निम्मे कोरे. स्टिअरिंग डावीकडे. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, म्हणजे पेट्रोल घालायचं तर ड्रायव्हरने उठून गादी उचलायची. समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. गेराच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे : एक पुढची चाकं जोडायचा, दुसरा ओढ वाढवायचा. गावात त्याला ‘फोरव्हील टाकणं’ म्हणत. चिखलात गाडी रुतली की पोरं ओरडायची, “आण्णा, फोरव्हील टाका!” आणि दांडा पडला की ती म्हशीसारखी हळूहळू, पण हमखास वर यायची.

मात्र तिथवर ती सुरू तर झाली पाहिजे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल धरायची. आमच्याकडचा पाऊस साधा नव्हे, नवजाच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. मग टोपण काढून चुलीपाशी शेकायचं. पॉइंट काळे पडले की काडेपेटीच्या कडेने घासायचे. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन मरायचं. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. रेडिएटर गळू लागला की चुलती डब्यातली मूठभर हळद द्यायची, ती पाण्यात टाकली की भोक बुजायचं. मागचा पाटा तर दर साल तुटायचा. एकदा पुढचा शाफ्ट गेला, तो कुठेच मिळेना, तेव्हा आण्णांनी तो पोत्यात गुंडाळून एस.टी.ने कोल्हापूरला नेला आणि उद्यमनगरात लेथवर तसाच करून आणला.

यातून एक गोष्ट आपोआप घडत गेली. त्या गाडीचं काम गावातल्या दहा-बारा माणसांना येऊ लागलं. सुताराला तिचे पाटे कळत, लोहाराला शाफ्ट, शाळेच्या मास्तरांना कार्बोरेटर. हँडल मारायचा मान एका पैलवानाचा. आणि धक्का मारायला तर सगळी आळी. ज्याने धक्का मारलाय त्याला बसायला नाही म्हणायची सोय नसते. त्यामुळे जीप आण्णांच्या नावावर असली तरी तिच्यावर हक्क गावाचा झाला. बाळंतीण, सर्पदंशाचा माणूस, परीक्षेला निघालेली पोरं, नाचणीची पोती, लग्नाचा नवरा, यांच्यासाठी कुणी ‘विचारायला’ येत नसे; सांगायला येत.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर बसलं. खोऱ्यात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, हजारो घरं पडली. आमच्या गावात भिंती कोसळल्या, अंधारात माणसांना ओढून काढलं. थंडीत ही जीप एरवी अर्धा तास हँडल खायची. त्या पहाटे ती दुसऱ्या झटक्याला लागली, असं गावात अजून सांगतात. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की मागच्या फळीवर गवत अंथरलं होतं आणि जखमींना घेऊन जीप दिवसभर खाली-वर करत होती. संध्याकाळी आण्णा खाली उतरले तेव्हा त्यांना उभं राहवेना. आजी आली, जीपच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि बैलजोडीचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

१९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडीची पोती तिनेच पोहोचवली. निवडणुकीत वरच्या वस्तीवर मतपेट्या न्यायला तिलाच बोलावणं यायचं. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतली पोरं बिऱ्हाडं घेऊन परतली, तेव्हा त्यांच्या ट्रंका सडकेवरून तिनेच वर आणल्या. दर वेळी वाटेत कुठेतरी बंद पडून.

मग काळ बदलला. खालच्या आळीपर्यंत डांबर आलं. लांब अंगाच्या डिझेल जीपा वडाप करू लागल्या. पंधरा-सोळा माणसं कोंबून दर तासाला पाटण. पेट्रोल परवडेना. आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. ज्या सड्यावर कुसळी गवताशिवाय काही उगवत नव्हतं, त्याला एकाएकी भाव आला. दलाल सात-बारा घेऊन दारात बसू लागले. आमचाही सड्यावरचा तुकडा गेला. घरात एवढा पैसा पहिल्यांदाच आला होता. काही घरांनी विहिरी काढल्या, काहींनी मुंबईत खोल्या घेतल्या, आणि काही घरांपुढे मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या.

आण्णांनीही घेतली. पुण्याच्या एका दलालाकडून, काळी, लांबलचक, परदेशी नावाची. कातड्याच्या गाद्या, थंड हवा, गेर आपोआप बदलणारे. दलालाने जीप बदल्यात घेतली आणि किमतीत थोडी सूट दिली. हा सौदा त्यांनी पोरांच्या हट्टापायी केला असं लोक म्हणत, पण तसं नव्हतं. त्यांचाच जीव विटला होता. “पस्तीस वर्सं पावसात बॉनेट उघडून हुबा हाय मी,” ते मला म्हणाले होते, “आता एकदा तरी किल्ली फिरवली आन् लागली, आसं हुं दे.” यात चूक काढावी असं काय होतं? सत्तरीच्या माणसाला एवढं सुख मागता येऊ नये?

गाडी खरंच एका किल्लीत लागायची. मात्र तिचा तळ जमिनीला टेकलेला. जीप दगडावरून वर उचलून जायची. ही वरच्या आळीच्या चाकोरीत शिरली की मधला उंचवटा पोटाला खरवडायचा. म्हणून तिला खालच्या आळीत, डांबर संपतं तिथे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. लोक बघायला यायचे. आत बसताना चपला काढून हातात घ्यायचे. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आण्णा हसले होते. पुढे पुढे त्यांना ते सोसेना. “आरं घाला की पायात!” ते ओरडायचे, पण कुणी घालत नसे.

एकदा ती बंदही पडली. डॅशबोर्डवर कसलासा तांबडा दिवा लागला आणि इंजिन गप्प. आळीतली माणसं जुन्या सवयीने धावली, मागे हात लावून उभी राहिली. पुण्याहून आणलेला ड्रायव्हर म्हणाला, “हिला धक्का चालत नाही.” आपोआप गेराच्या गाडीला तो चालतच नाही, हे खरं. माणसं हात पुसत परत गेली. दोन दिवसांनी ट्रकवर चढवून गाडी पुण्याला नेली.

जुलै २००५चा पाऊस महाराष्ट्राच्या लक्षात आहे. मुंबई बुडाली, तसा आमच्याकडेही डोंगर खाली आला. त्या आठवड्यात एका रात्री वरच्या आळीतली एक सून अडली. खालची सडक चालू होती. पण दोन आळ्यांमधला दीड मैल म्हणजे चिखल, दरड आणि मोरीवरून वाहणारं पाणी. वडापवाल्यांनी वर यायला नकार दिला. आण्णांची गाडी शेडमध्ये सुकी, तयार, पेट्रोल भरलेली. ती दीड मैल वर जाऊ शकत नव्हती. शेवटी घोंगड्याची झोळी निघाली, जशी १९६६च्या आधी निघायची. पहाटे बाई सडकेला पोहोचली. ती वाचली. मूल वाचलं नाही.

त्या रात्री जीप असती तर ती सुरू झाली असती का, हे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. पावसातला तिचा इतिहास मला ठाऊक आहे. त्या घरानेही आण्णांना कधी बोल लावला नाही. आण्णांना लागलं ते वेगळंच. त्या रात्री त्यांच्याकडे कुणी आलंच नव्हतं. त्यांना सकाळी चहाच्या वेळी कळलं. “मला उठवलंसुदिक न्हाई रं,” एवढंच ते दोन-तीन दिवस म्हणत राहिले. पस्तीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीत ते मला घेऊन पुण्याला गेले, जीप परत मागायला. दलालाने ती एका हौशी गृहस्थाला विकली होती. हिरवा लष्करी रंग, बॉनेटवर पांढरा तारा, नवीकोरी दिसत होती. अशा जुन्या जीपांना आता शौकिनांत मोठा भाव आहे. आण्णांनी मोटार देऊन वर पैसेही देऊ केले. गृहस्थ सभ्य होते, त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. ती रविवारी फक्त एक फेरी मारते, म्हणाले. आण्णांनी खाली वाकून पाहिलं. ‘एफ’वाले बोल्ट आता सगळेच जागेवर बसवलेले होते.

मोटार त्यांनी २००८ साली निम्म्याहून कमी किमतीला काढली. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका सडकेपर्यंत येते, ही मोठी सोय झाली. पण २०२१च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, तेव्हा वरच्या वस्त्यांसाठी सडक पुन्हा तितकीच लांब झाली. तोवर आण्णा राहिले नव्हते. आमच्या आळीतल्या पोरांनी त्यानंतर वर्गणी काढून एक जुनी, चारही चाकं ओढणारी डिझेल जीप आणली आहे. तिचा मागचा पाटा दोनदा तुटलाय, आणि थंडीत ती धक्क्याशिवाय लागत नाही.