न्हाणीघरातील आरशाला लाकडी चौकट

प्रतिनिधी

घर सजवताना दिवाणखाना आणि शयनगृहावर सढळ हाताने खर्च होतो. न्हाणीघरातील आरसा मात्र बिल्डरने लावून दिलेल्या चार क्लिपांवर वर्षानुवर्षे तसाच राहतो. काही पावसाळे उलटले, की त्याच्या कडा काळवंडू लागतात. अशा आरशाला लाकडी चौकट बसवली, तर त्याचे रूप पालटते. परंतु हा केवळ शोभेचा भाग नाही. चौकट नीट बसली, तर आरशाचे आयुष्य वाढते. चुकीची बसली, तर ओल आत कोंडून आरसा आणि लाकूड दोन्ही खराब होतात.

कडा काळ्या का पडतात?

काचेच्या मागे चांदीचा अतिशय पातळ थर आणि त्यावर संरक्षक लेप असतात. काच कापली जाते, त्या कडेला हे थर उघडे पडतात. तेथून ओल शिरते आणि चांदी काळी पडते. हा डाग पुसून जात नाही. चौकटीखाली झाकता मात्र येतो. त्यापूर्वी कडा कोरड्या करून त्यांवर सिलिकॉनचा पातळ थर द्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण त्यातून सुटणारे आम्ल आरशाच्या लेपास मारक ठरते. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागावे.

लाकूड कोणते?

सागवान सर्वांत उत्तम. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते ओलाव्यात टिकते. जुन्या दारा-खिडक्यांचे सागवान पूर्ण वाळलेले असल्याने कमी वाकते. प्लायवूड घ्यायचे झाल्यास ‘आयएस ७१०’ हा मरिन प्लायचा शिक्का पाहावा. साधा एमडीएफ स्वस्त असला, तरी पाणी मुरताच फुगतो.

मोजमाप

समजा, आरसा २४ बाय ३६ इंचांचा आहे आणि पट्टी ३ इंच रुंद आहे. चौकट चारही बाजूंनी अर्धा इंच काचेवर आली, तर बाहेरचे माप २९ बाय ४१ इंच होते. म्हणजे ११ फूट ८ इंच पट्टी लागते. कापणीतील तूट धरून १३ फूट घ्यावी. कोपरे ४५ अंशांत कापावेत. पट्टीच्या मागे काच बसेल एवढी खाच सुताराकडून काढून घ्यावी. खाचेत दोन मिलिमीटर मोकळीक हवी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते. क्लिपा काढू नयेत. त्यांच्यासाठी मागून जागा कोरावी.

आधी पॉलिश, मग जोडणी

पट्टीची मागची बाजू आणि कापलेली टोके कोरी ठेवू नयेत. पाणी तेथूनच लवकर शिरते. शिवाय चौकटीची आतली कड आरशात प्रतिबिंबित होते, तेव्हा कोरे लाकूड डोळ्यांना खुपते. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते. पीयू पॉलिशचे दोन-तीन हात अधिक टिकतात.

बसवताना

पाच मिलिमीटर जाडीच्या अशा आरशाचे वजन सुमारे सात किलो भरते. त्यावर चौकटीचा भार टाकू नये. चौकट स्वतंत्रपणे, न गंजणाऱ्या स्क्रूंनी भिंतीला कसावी. बेसिनमागच्या भिंतीत पाण्याचे पाइप दडलेले असतात. त्यांची जागा प्लंबरकडून समजल्याखेरीज भोक पाडू नये. टाइलचा चकचकीत थर पार होईपर्यंत ड्रिलचा ‘हॅमर’ बंद ठेवावा.

चौकट आणि भिंत यांतील फट वरून व दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बुजवावी. खालची बाजू मात्र मोकळी ठेवावी. आत गेलेले थोडेफार पाणी तेथून निघून जाते आणि लाकडाला हवा मिळते.

आरसा पुसताना द्रावण काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी खालची पट्टी तपासावी आणि पॉलिश उडालेले दिसताच तेथे नवा हात द्यावा.