परिषदेचा मांडव आणि भाड्याचा आवाज

मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी सभा-परिषदांचा इतिहास आहे. ग्रंथकार सभा, औद्योगिक परिषदा, सत्याग्रह परिषदा, साहित्य संमेलने यांच्या कडेकडेने आपले एकोणिसावे आणि विसावे शतक चालत आले. या परिषदांचा अभ्यास आपण करतो तो प्रामुख्याने छापील शब्दांच्या आधारे. अध्यक्षीय भाषण, ठराव, त्यावरचे वाद आणि वृत्तपत्रांचे अग्रलेख एवढी सामग्री हाती आली की अभ्यासकाचे काम भागते. मांडव कोणाच्या जागेत पडला, पाणी कोठून आले, दिवे कोणी लावले आणि वक्त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कोणत्या साधनाने पोचला, हे प्रश्न मात्र अहवालाच्या शेवटच्या पानावरील जमाखर्चात पडून राहतात. प्रस्तुत लेखात या शेवटच्या पानाकडे थोडे लक्ष वेधायचे आहे. भाड्याने किंवा उसनवार मिळणारी सामग्री ही वरवर केवळ पैशाची बाब दिसते. प्रत्यक्षात ती कोणाला मिळते, कोणाला नाकारली जाते आणि कोणत्या अटींवर दिली जाते, यावर परिषद कोणाची हे ठरत आले आहे.

जालन्यासारख्या गावी हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण मिरवणारे हे व्यापारी शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि पुढे बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून जालन्याचे नाव देशभर झाले. लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी त्यात भर घातली. अशा गावात विक्रेत्यांचे मेळावे, उद्योजकांच्या परिषदा, शेतकऱ्यांसाठीची चर्चासत्रे सतत भरत असतात. त्यांच्यासाठी व्यासपीठ, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, एलईडी पडदा, जनरेटर, कॅमेरे आणि ती हाताळणारी माणसे हे सारे एकहाती भाड्याने मिळते. 'इव्हेंटवाले' हा शब्द नवा. त्यामागचा व्यवहार मात्र जुना आहे.

व्यवसायविषयक परिषदांची आपल्याकडील परंपरा न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत मागे जाते. १८७८ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या ग्रंथकार सभेचे अध्यक्ष तेच आणि १८९० साली पुण्यातच भरलेल्या औद्योगिक परिषदेतील प्रमुख आवाजही त्यांचाच. साहित्याची सभा आणि उद्योगाची परिषद या एकाच मनातून निघालेल्या दोन गोष्टी होत्या, हे आज आपण विसरलो आहोत. पुढे १९०५ साली बनारस येथे अखिल भारतीय पातळीवरची औद्योगिक परिषद सुरू झाली आणि तिच्या कार्यालयाचा भार अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी वाहिला. ही परिषद काँग्रेसचे अधिवेशन जेथे असेल त्याच गावी, त्याच सुमारास भरे. दोन्हींच्या पाहुण्यांची सोय एका खर्चात व्हावी, हा व्यवहार त्यात होताच.

त्या काळातील सभेची मर्यादा होती ती माणसाच्या घशाची. कितीही मोठा मांडव घातला तरी आवाज जेथपर्यंत पोचेल तेथपर्यंतच सभा. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या अधिवेशनात सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या बुलंद वक्त्यालाही गोंगाटापुढे बोलता आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते अधिवेशनच उधळले गेले. सभा ऐकायची की मोडायची, हे समोर बसलेला समुदाय आपल्या घशाच्या बळावर ठरवू शकत होता. यंत्र आल्यावर हा तोल बदलला. त्याकडे पुढे येऊ.

साधनसामग्री नाकारणे हेही सभा मोडण्याचे शस्त्र असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाडचे. मार्च १९२७ मधील परिषदेसाठी जमलेल्या अस्पृश्य प्रतिनिधींना गावातील पाणवठे बंद होते. त्यामुळे सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद धनंजय कीर यांनी डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात केली आहे. जी परिषद सार्वजनिक तळ्याच्या पाण्याचा हक्क सांगण्यासाठी भरली, तिच्याच जमाखर्चात पाण्याची किंमत मांडावी लागावी, याहून मोठे भाष्य कोणत्या अध्यक्षीय भाषणात सापडेल? डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेच्या वेळी तर मांडवासाठी जागा द्यायला सवर्ण हिंदू तयार नव्हते. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. स्थानिक व्यापारी सहकार्य करीत नव्हते म्हणून धान्य आणि इतर सामग्री बाहेरून आणावी लागली. पैसे मोजायची तयारी असूनही बाजार बंद होऊ शकतो, हे महाडने दाखवून दिले. 'भाडे द्या आणि वस्तू न्या' हा व्यवहार सर्वांसाठी सारखाच खुला असतो, असे मानणारा मनुष्य बहुधा कधीच बाहेर उभा राहिलेला नसतो.

याच्या अगदी उलट टोकाला फैजपूर येते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, आणि तयारीसाठी राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी. शहरातून तयार सामग्री आणून खेड्यात उभी करायची नाही, स्थानिक साहित्य आणि स्थानिक कारागीर यांतूनच नगर उभे राहावे, हा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी बांबू, चटया, गवत अशा साध्या गोष्टींतून टिळकनगरीचे रूप घडवले. येथे परिषदेची बाह्य रचना हाच तिच्या विचाराचा भाग होता. मांडव पाहूनच येणाऱ्या माणसाला कळत होते की ही सभा कोणाच्या हातांनी उभी राहिली आहे.

फैजपूरनंतर काही महिन्यांनी, १९३७ साली, आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे निजामी राजवटीतील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाल्यावर ते इकडे आले. हैदराबाद संस्थानात सभा भरवायची तर मांडवाच्या आधी परवानगीचा प्रश्न उभा राहत असे. १९२९ सालच्या कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३ ने सभांवर सरकारी परवानगीचे बंधन घातले होते. अशा परिस्थितीत भाषिक आणि नागरी हक्कांची चर्चा करणारी परिषद भरणे हेच मोठे कार्य होते. स्थळांची नावेही पाहण्यासारखी आहेत. परतूर आणि पुढच्या अधिवेशनांपैकी उमरी ही दोन्ही गावे मनमाड–हैदराबाद लोहमार्गावरची, तर लातूर बार्शी लाइट रेल्वेवरचे. माणसे, सतरंज्या, दिवे, भांडी हे सारे ज्या वाटेने सुलभपणे येऊ-जाऊ शकते, त्या वाटेवर मराठवाड्याची राजकीय जागृती घडली, असे म्हणायला जागा आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील पुढच्या लढ्याचा पाया याच अधिवेशनांतून घातला गेला.

आता यंत्राकडे वळू. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे हजारोंच्या सभेपुढे विद्युत ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने भाषण केले. मानवी आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या आरंभीच्या मोठ्या सभांपैकी ही एक. आपल्याकडे हे काम ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते मोटवाने कुटुंब मूळचे सिंधचे. विद्युत उपकरणांचा व्यापार करणारी त्यांची पेढी मुंबईत 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्ध झाली. गांधीजींचे बोलणे मोठ्या जमावाला ऐकू जात नाही, हे पाहून नानिक मोटवाने यांनी या कामात लक्ष घातले आणि १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना त्यांची यंत्रणा मिळू लागली. त्या काळातील छायाचित्रांत नेत्यांच्या ओठांसमोरच्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी ठळक दिसते. पुरवठादाराची जाहिरात आणि राष्ट्राचा आवाज एकाच चौकटीत आले होते. आजच्या व्यावसायिक परिषदेतील प्रायोजकांच्या फलकाचे मूळ येथे शोधता येईल.

पण मोटवाने हे केवळ पुरवठादार राहिले नाहीत. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला. या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. यंत्र भाड्याने देणारा मनुष्य तटस्थ असतो, ही समजूत महाडच्या व्यापाऱ्यांनी एका बाजूने आणि या खटल्याने दुसऱ्या बाजूने खोटी ठरवली. एकाने नाकारून भूमिका घेतली, दुसऱ्याने देऊन.

ध्वनिक्षेपकाने मराठी वक्तृत्वही बदलले. घशाच्या जोरावर चालणाऱ्या वक्तृत्वात लय आणि पल्ला यांना महत्त्व होते. ध्वनिक्षेपकाने कुजबुज, विराम, कोटी यांना जागा करून दिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर लाखांच्या समुदायाला हसवणारे आचार्य अत्रे यांची शैली या यंत्राशिवाय कल्पिता येत नाही. कोटीनंतरचा नेमका थांबा शेवटच्या माणसापर्यंत पोचला तरच हशा एकाच वेळी फुटतो. त्याचबरोबर सत्तेचा तोलही बदलला. सुरतेला समुदाय वक्त्याला गप्प करू शकत होता. आता ज्याच्या हाती माइक त्याच्याच हाती सभा. म्हणूनच १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाचे महत्त्व. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे त्यांचे आवाहन त्या मांडवात घुमले. व्यवस्था स्वागत समितीची होती, विचार मात्र अध्यक्षांचा होता. सामग्री पुरवणाऱ्याने आशयावर हक्क सांगायचा नाही, हा संकेत त्या दिवशी पाळला गेला आणि त्याला मोल आले ते तो मोडण्याची शक्यता असल्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर ही यंत्रणा गावोगाव पसरली. मराठवाड्यात 'बिछायत केंद्र' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुकानांनी सतरंज्या, गाद्या, कनाती, भांडी यांच्या जोडीला कर्णे आणि ॲम्प्लिफायर ठेवले. लग्न, कीर्तन सप्ताह, निवडणुकीची सभा आणि महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन यांना तोच मांडव आणि तोच कर्णा. या सर्वांना एका पातळीवर आणणारी ही लोकशाही व्यवस्था होती. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक केंद्रीय नियमांनी ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक केली आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्याला बंदी घातली. नियम आवश्यकच होते. कर्कश कर्ण्यांचा जाच कोणी नाकारणार नाही. मात्र या नियमांतच बंदिस्त सभागृहांना, परिषद-कक्षांना आतल्या आत वापरासाठी सूट आहे. परिणाम असा की ज्याला वातानुकूलित सभागृह परवडते त्याची परिषद रात्री उशिरापर्यंत चालू शकते. ज्याचा मांडव उघड्या मैदानात आहे त्याचे कवी दहाच्या ठोक्याला थांबतात.

आज आपली महाविद्यालयेही राष्ट्रीय चर्चासत्रे भरवताना याच बाजारात उभी असतात. तीन दरपत्रके मागवायची, सर्वांत कमी दर निवडायचा आणि फाईल पूर्ण करायची, ही पद्धत. दरपत्रकात माइकची संख्या असते. पण वीज गेली तर जनरेटर किती क्षणांत चालू होईल, यंत्रावर बसणारा माणूस दिवसभर जागेवर असेल की तारा जोडून निघून जाईल, श्रोत्यांना प्रश्न विचारण्यासाठी फिरता माइक आहे की नाही, शेवटच्या रांगेत बसून आदल्या दिवशी आवाजाची चाचणी कोणी घेणार का, हे लिहिलेले नसते. उद्योगांच्या परिषदा या बाबी करारात नोंदवून घेतात, कारण एका बिघडलेल्या सत्राची किंमत त्यांना ठाऊक असते. आपल्या सत्रात मात्र बीजभाषण नीट ऐकू येते आणि दुपारनंतर शोधनिबंध वाचणारी नवखी विद्यार्थिनी करकरणाऱ्या माइकशी झगडत बसते. फिरता माइक नसेल तर प्रश्न विचारणारा श्रोता परिषदेचा भागच राहत नाही. हा निव्वळ तांत्रिक दोष मानून सोडून देण्यासारखा नाही. कोणाचे ऐकायचे हे आपण दरपत्रक निवडतानाच ठरवलेले असते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते. संमेलनांच्या स्वागत समित्यांचे अहवाल, त्यांतील जमाखर्च, पोलीस परवानग्यांच्या प्रती, जुन्या बिछायत केंद्रांच्या वह्या ही सारी साधने अजून पूर्णपणे नष्ट झालेली नाहीत. कोणत्या सभेसाठी किती कर्णे गेले, कोणत्या समाजाच्या मेळाव्याला कोणी सामान दिले, भाडे कोणी माफ केले आणि कोणाकडून आगाऊ घेतले, हे त्या पानांवर असू शकते. परतूर, अंबड, भोकरदन, जालना येथील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यापुरते जरी हे काम हाती घेतले, तरी छापील भाषणांतून न दिसणारा मराठी वाङ्मयीन समाज त्याला दिसू लागेल. दुकाने बदलत आहेत, वह्या रद्दीत जात आहेत. हे काम लवकर व्हायला हवे.