मेंदूला वीज, हाताला मेहनत

बडोद्याच्या माझ्या आत्याला लकव्याचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता जेवढं आलं तेवढंच." मग कोणीतरी घरात बातमी आणली की मेंदूला वीज देऊन हात चालू करतात. आत्याने फोन केला, "अरे, तू एवढं वाचतोस, यात किती खरं ते सांग." आज तेच सांगतो.

१८७०, बर्लिन. फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर हलका विद्युतप्रवाह सोडला. एका ठरावीक जागी प्रवाह दिला की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा, जागा बदलली की दुसरे स्नायू. कामाला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून हे सगळं हिट्झिगच्या घरी चाललं. चार वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीला रॉबर्ट्स बार्थोलोने हेच माणसावर केलं. मेरी रॅफर्टी नावाच्या बाईची कवटी कॅन्सरच्या जखमेने पोखरली होती. त्याने मेंदूत सुया घालून प्रवाह सोडला. तिचे हातपाय आखडले, पुढे फिट आली आणि काही दिवसांत ती गेली. टीका झाल्यावर त्याने खेद व्यक्त केला. हा इतिहास सांगताना लोक कुत्र्यांपाशी थांबतात. मला मेरीला वगळवत नाही.

असो. विजेने हात हलवता येतो, हे तेव्हाच कळलं. पण गेलेला हात परत मिळवणं ही वेगळी गोष्ट. तिथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रँडॉल्फ नुडो या मेंदूशास्त्रज्ञाचा १९९६ सालचा प्रयोग. त्याने लहान माकडांच्या मेंदूत, पंजा चालवणाऱ्या भागात, छोटीशी इजा केली. माकडांना तशीच सोडली, तर इजेच्या शेजारचा शाबूत भागही पंजाचं काम सोडून देत होता. म्हणजे नुकसान इजेपेक्षा मोठं! पण ज्या माकडांना रोज बारीक खळग्यांतून खाऊचे दाणे बोटांनी काढायला लावले, त्यांच्यात तो भाग टिकला. काहींमध्ये तर पंजाचा ताबा कोपर-खांद्याच्या हद्दीत शिरला. मेंदूतली जमीन कसणाऱ्याची होते, असं म्हणा ना.

मग साहजिकच विचार आला, मेहनतीला विजेची जोड दिली तर? नुडोच्या गटाने माकडांवर ते केलं आणि फायदा दिसला. माणसांच्या छोट्या चाचण्याही आशा लावणाऱ्या होत्या. नॉर्थस्टार नावाच्या कंपनीने मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून 'एव्हरेस्ट' नावाची मोठी चाचणी घेतली. जानेवारी २००८ मध्ये निकाल आला: ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही. नंतर आकडे उलगडताना एक गोष्ट लक्षात आली. माकडांमध्ये मेंदूपासून मणक्याकडे जाणारी वाट बरीचशी शाबूत होती, माणसांमध्ये अनेकांची तीच तुटलेली. तारच तुटली असेल तर बटण दाबून दिवा कसा लागणार?

पुढची वाट मानेतून निघाली. छातीत कातडीखाली छोटं यंत्र आणि तिथून मानेतल्या व्हेगस नसेपर्यंत तार. रुग्ण व्यायामाची हालचाल करतो, त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्धा सेकंद प्रवाह जातो. हा प्रवाह हात हलवत नाही. हलवायचा रुग्णानेच. 'आत्ता केलंस ते लक्षात ठेव' असा इशारा तेवढा मेंदूला मिळतो, असं यामागचं गणित. एका बैठकीत तीनशेहून जास्त हालचाली, सहा आठवडे. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये १०८ रुग्णांची चाचणी छापून आली. यंत्र सगळ्यांना बसवलं होतं, निम्म्यांचा प्रवाह मात्र बंद. हाताच्या कामात जाणवण्याजोगी सुधारणा वीजवाल्यांत ४७ टक्के जणांना, बिनविजेच्यांत २४. त्याच वर्षी अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली.

आत्यासाठी मी एक ओळ दोनदा वाचली. या रुग्णांना झटका येऊन किमान नऊ महिने झाले होते. तिला सांगितले गेलेले सहा महिने केव्हाच मागे पडलेले.

हे सगळं तिला फोनवर ऐकवलं. ऑपरेशन आणि खर्च ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्या बिनविजेच्या लोकांनी काय केलं?"

"तेवढाच व्यायाम. तीनशे-तीनशे वेळा."

"आणि चारातला एक सुधारला?"

"जवळजवळ."

"मग मला त्यांच्यात घाल."

सोमवारपासून फिजिओथेरपिस्ट पुन्हा यायला लागला आहे.