बदली म्हणजे बॅग नव्हे

लालबागच्या आमच्या खोलीत माळ्यावर एक कॅसेट सापडली. त्यात आजोबा गिरणीबद्दल बोलतायत. त्यांचा गिरणीतला एकही फोटो घरात नाही. म्हणून मी तो आवाज मोबाइलमध्ये घेतला, एका एआय टूलला दिला आणि सांगितलं, याचा व्हिडिओ कर.

गंमत बघा, शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागात अडचण उलटी होती. फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण केलं आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चित्र होतं, आवाज नव्हता. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं तरी आवाजावरून कुणाला कळणार नव्हतं. पडदा बोलायला १४ मार्च १९३१ उजाडला. गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तेव्हा चित्राला आवाज हवा होता, मला आवाजाला चित्र हवं होतं.

व्हिडिओ दहा मिनिटांत आला. दिसायला झकास. आजोबा म्हणतात, “आठ वर्षं मी बदली होतो.” पडद्यावर एक माणूस बॅग घेऊन ट्रेनमध्ये चढतो! ते “साचा” म्हणतात, तर गणपतीच्या मूर्तीचा साचा. “त्रासन” म्हणतात, तर डोकं धरून बसलेला माणूस.

आजी वैतागली. “अगं, बदली म्हणजे बॅग नव्हे. रोज पाळीला गेटवर उभं राहायचं. कुणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर डबा घेऊन परत घरी.” साचा म्हणजे कापड विणायचा माग आणि त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं, इंग्रजी ‘थ्रॉसल’वरून आलेलं, हेही तिच्याकडूनच कळलं.

खरी चूक पुढे होती. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, त्यात आजोबाही. कॅसेटमध्ये संपाचा विषय निघतो आणि आजोबा गप्प होतात. बराच वेळ फक्त पंख्याची घरघर. टूलने तिथे व्हायोलिन वाजवलं आणि मुठी उंचावलेली गर्दी दाखवली.

आजोबांनी जे सांगायचं टाळलं, ते यंत्राने परस्पर सांगून टाकलं. आज परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. उद्या कुणी तो व्हिडिओ बघून ‘१९८२ असं होतं’ म्हणालं, तर चूक दाखवायला कोण उरेल?

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक २००४ साली आलं. त्यात कामगार स्वतःच्या शब्दांत बोलतात. तोच धडा मी घेतला. तो व्हिडिओ डिलीट केला आणि नवा बनवला: काळा पडदा, आजोबांचा आवाज, खाली त्यांचेच शब्द आणि आजीने सांगितलेले अर्थ. सबटायटल्सचा पहिला खर्डा एआयनेच केला, आम्ही दोघींनी तो दुरुस्त केला.

पंख्याची घरघर तेवढी तशीच ठेवली आहे.