‘महिला समाज’, ‘गट’ आणि ‘कोयता’ : पाथर्डीच्या निमित्ताने स्त्रीसंस्थांच्या नावांचा विचार

स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थापिकांच्या चरित्रांच्या आधारे लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याचे लक्ष प्रथम नावांकडे जाते. आणि नावे, ती कितीही औपचारिक असली, तरी पुष्कळ काही सांगून जातात असा त्याचा अनुभव आहे.

1882 हे साल ह्या दृष्टीने लक्षणीय होय. पंडिता रमाबाईंनी पुण्यास ‘आर्य महिला समाज’ स्थापिला तो त्या वर्षी, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला तोही त्याच वर्षी. एकीने ‘महिला’ शब्द घेतला, दुसरीने ‘स्त्री’. दोन्ही शब्द संस्कृतच. परंतु पहिल्याच्या अंगी हळूहळू सभेची प्रतिष्ठा आली, तर दुसरा पुरुषाच्या समोर उभा राहून त्याला जाब विचारणारा ठरला. पुढे 1975 मध्ये मुंबईस ‘स्त्री मुक्ती संघटना’ निघाली तेव्हा तिने ‘महिला’ टाकून ‘स्त्री’ उचलला, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. मधल्या काळातील ‘शारदा सदन’ (1889) व पुण्याचे ‘सेवासदन’ (1909) ह्या नावांत माणसांच्या समूहाऐवजी घर आले आहे. समाज भरविण्यापूर्वी डोक्यावर छप्पर हवे, हे विधवांचे दुःख पाहिलेल्यांना सांगावे लागत नव्हते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास ह्या इतिहासात मानाचे स्थान आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगर शहरी मुलींच्या शाळा अनेक वर्षे चालविल्या. परंतु त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, गर्भगिरीच्या डोंगरांत वसलेल्या पाथर्डी तालुक्याची कथा निराळी आहे. येथे स्त्रिया एकत्र येत त्या मोहटादेवीच्या नवरात्रात, जात्यावर आणि पाणवठ्यावर. ह्या जागांना सभासद नव्हते, ठराव नव्हते, नावही नव्हते. म्हणून त्यांना संस्था न मानण्याची चूक आपण करतो. स्वातंत्र्योत्तर काळात, 1952 पासूनच्या सामूहिक विकास योजनेबरोबर, खेड्यापाड्यांत ‘महिला मंडळ’ आले. आणि 1990 नंतरच्या दशकांत ‘बचत गट’.

‘गट’ हा शब्द शेतकऱ्यास नवा नव्हता. सात-बारावर जमिनीचा ‘गट क्रमांक’ असतो. जमिनीच्या गटाला आपले नाव लावून घेणे जिला क्वचितच साधले, तिचे नाव दुसऱ्या प्रकारच्या गटाच्या वहीत मात्र चढले. दहा ते वीस जणी, ठरलेली बचत, नियमित सभा अशी त्याची घडण आहे. आणि पाथर्डीत अडचण येते ती नेमकी ह्या नियमितपणाची. हा दुष्काळी तालुका ऊसतोड मजुरांचा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती परततात उन्हाळ्यात. जिची निम्मी वर्षे फडात जातात, तिने मासिक सभेस यावे कसे?

ह्या मजुरीच्या भाषेतील एक शब्द मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे ऊस तोडणारे हत्यार, हे खरे. पण हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे ह्यांत बाईचे श्रम उघड दिसतात. तरी रक्कम जोडीच्या नावे, आणि व्यवहारात पुरुषाच्या हाती. बाजारभाव तिच्या श्रमाचा ठरतो, तिचा स्वतःचा आकडा मात्र ठरत नाही.

येथे मराठीची एक जुनी लकब आठवते. पूर्वीच्या पिढीतील सुशिक्षित गृहस्थ पत्नीचा उल्लेख ‘आमचे कुटुंब’ किंवा ‘आमची मंडळी’ असा करीत. एका व्यक्तीस समूहवाचक नाम! फडावर ह्याच्या उलट घडते : दोन माणसांस मिळून एका अवजाराचे नाव. मध्यमवर्गीय घरात ती अनेकवचनात लपली, फडात एकवचनात. आर्य महिला समाजापासूनच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत आपण संस्थांची नावे पुष्कळदा बदलली. मुकादमाच्या वहीकडे मात्र शहरी संस्थांचे लक्ष गेले ते फार उशिरा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, त्यानंतरच ‘खाडा’ म्हणजे गैरहजेरीचा दंड हा शब्द शहरांतील वाचकांस परिचित झाला. पाळीच्या दिवसांत विसावा घ्यावा तर खाडा पडतो, हे फडातील प्रत्येक बाईस आधीपासून ठाऊक होते.

2021 मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायतींमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरविले. ह्या नोंदीत कोयत्यास स्थान नाही. पती व पत्नी ह्यांची नावे तेथे स्वतंत्रपणे लिहावी लागतात. त्याच ग्रामपंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे नाव लिहून घेण्याच्या कामावर देखरेख ठेवणारी सदस्या स्वतः कधी काळी अर्ध्या कोयत्याच्या हिशेबात मोजली गेलेली असण्याचा संभव पाथर्डीत तरी पुष्कळ आहे.